मिंग पंथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिन योंगच्या कादंबऱ्यांवरच्या चिनी मालिका बघणाऱ्या मराठी मंडळींकडून मिंग पंथाबद्दल ठरावीक प्रश्न येत राहतात. कोणी तीन भाग बघून गोंधळलेलं असतं, कोणी सगळी मालिका संपवून वैतागलेलं. त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी ठेवली आहेत. पहिल्या चार उत्तरांत कथानकाची रहस्यं फुटत नाहीत. पाचव्यापासून पुढे काहीच राखून ठेवलेलं नाही, तेव्हा बेताने वाचा.

१. मिंग पंथ म्हणजे नेमकं काय? धर्म, टोळी की बंडखोरांची संघटना?

तिन्ही. कादंबरीतला मिंग पंथ हा पर्शियातून चीनमध्ये आलेला धर्म आहे. प्रकाश आणि अंधार यांचा झगडा हे त्याचं तत्त्वज्ञान आणि पवित्र अग्नी हे त्याचं चिन्ह. त्याच वेळी तो कसलेल्या योद्ध्यांचा पंथ आहे. मंगोल युआन घराण्याचं राज्य उलथून टाकण्यासाठी गावोगावी उठाव करणारी गुप्त संघटनाही तोच. त्याचं मुख्य ठाणं पश्चिमेकडे कुनलुन पर्वतातल्या 'प्रकाश शिखरा'वर. हे शिखर लेखकाच्या कल्पनेतलं आहे, नकाशावर शोधू नका.

२. हा पंथ कुठल्या कादंबरीत येतो? आधीचे भाग वाचलेच पाहिजेत का?

'हेवन सोर्ड अँड ड्रॅगन सेबर' या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीत. १९६१ ते १९६३ या काळात ती हाँगकाँगच्या 'मिंग पाओ' या दैनिकात क्रमशः आली. जिन योंग हे चा लियांगयोंग (१९२४–२०१८) यांचं टोपणनाव, आणि १९५९ साली सुरू झालेलं हे दैनिक त्यांचं स्वतःचंच. दैनिकाच्या आणि पंथाच्या नावातला 'मिंग' एकच आहे; त्यावरून तर्क लढवणारे वाचक अधूनमधून भेटतात, पण त्याला काही आधार नाही.

तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतली ही तिसरी. आधीच्या दोन वाचल्या नसल्या तरी बिघडत नाही, कारण मधे जवळजवळ शतकभराचं अंतर आहे. पहिल्या कादंबरीत मात्र पंथाचा एक ओझरता उल्लेख सापडतो. ज्या 'नवयिन' या युद्धविद्येच्या ग्रंथासाठी सगळे एकमेकांच्या उरावर बसतात, त्याचा कर्ता ह्वांग शांग हा मुळात युआनच्या आधीच्या सोंग घराण्याचा अधिकारी होता आणि मिंग पंथाचा बीमोड करायला सम्राटाने त्यालाच पाठवलं होतं. म्हणजे पंथ आपल्यापुढे पहिल्यांदा येतो तोच सरकारच्या हिटलिस्टवर.

३. सगळे त्यांना 'राक्षसी पंथ' का म्हणतात?

हे नाव जिन योंगने तयार केलेलं नाही, ते इतिहासातून आलं आहे. पंथाचा मूळ संस्थापक मानी (प्रश्न १० पाहा). चिनीत त्याचं नाव 'मोनी' असं झालं, आणि राक्षस या अर्थाचा चिनी शब्दही 'मो' असाच आहे. सोंग काळातल्या अधिकाऱ्यांनी एवढ्यावरच काम भागवलं. 'भाजी खाऊन राक्षसाची सेवा करणारे' हा शेरा त्यांच्या कागदपत्रांत वारंवार येतो.

त्या कागदांतले आरोप वाचण्यासारखे आहेत. हे लोक रात्री जमतात आणि पहाटे पांगतात. बायका-पुरुष एकत्र बसतात. मांस खात नाहीत, दारू पीत नाहीत. पूर्वजांची पूजा करत नाहीत, मृतांना विवस्त्र पुरतात. आणि कोणी परका पंथबंधू गावात आला तर ओळखदेख नसताना त्याच्या खाण्यापिण्याची, पैशाअडक्याची सोय करतात. हे शेवटचं कलम आरोपांच्या यादीत का, असं आपल्याला वाटेल. पण ज्या सरकारला आपल्या नजरेआड उभी राहणारी कुठलीही एकजूट नको असते, त्याच्या लेखी खरा गुन्हा तोच.

४. इतकी पदं आणि इतके 'राजे' आहेत! उतरंड एकदा समजावून सांगा.

सगळ्यात वर पंथप्रमुख. त्याच्याखाली दोन प्रकाशदूत: डावा यांग श्याओ आणि उजवा फान याओ. मग चार धर्मरक्षक राजे. जांभळ्या झग्याचा नागराज (नाव 'राज' असलं तरी ही बाई आहे, दाइछीस), पांढऱ्या भुवयांचा गरुडराज यिन तियानजेंग, सोनेरी केसांचा सिंहराज श्ये श्युन आणि हिरव्या पंखांचा वटवाघूळराज वेई यिश्याओ. त्यानंतर 'पाच भटके', म्हणजे हाताखाली फौज नसलेले पण शब्दाला वजन असलेले पाच जण. सर्वांत खाली धातू, लाकूड, पाणी, अग्नी आणि माती या पंचतत्त्वांच्या नावाचे पाच ध्वज. प्रत्यक्ष लढाईत मरतात ते या ध्वजांखालचे लोक. मालिकांमध्ये त्यांना चेहरे नसतात, कादंबरीत थोडेफार आहेत.

५. सहा मोठे पंथ एकत्र येऊन प्रकाश शिखरावर चढाई का करतात? मंगोल राज्य करत असताना आपसात कशाला?

शाओलिन, वूदांग, एमेई, कुनलुन, हुआशान आणि खोंगतोंग या सहाही पंथांना आपापला हिशोब चुकता करायचा आहे. कोणाचा भाऊ मारला गेलाय, कोणाचा शिष्य, कोणाची अब्रू गेलीय. पण या सगळ्या तक्रारी एका दिशेला वळवणारा माणूस एकच: छेंग कुन.

हा श्ये श्युनचा गुरू. त्याची बालपणापासूनची प्रेयसी पंथप्रमुख यांग डिंगतियानची बायको झाली आणि त्याने अख्खा पंथ नेस्तनाबूत करायची शपथ घेतली. स्वतः तलवार उपसून जाण्याऐवजी त्याने आपल्याच शिष्याचं, श्ये श्युनचं, कुटुंब कापून काढलं. अट्टल योद्धा सूडाने वेडा झाला की तो दिसेल त्याला मारेल आणि पापाचं खापर पंथावर फुटेल, हा त्याचा हिशोब. तो अचूक ठरला. पुढे तो युआनजेन या नावाने शाओलिनमध्ये भिक्षू होऊन राहिला, म्हणजे 'धर्मनिष्ठां'च्या ऐन माजघरात. मंगोल दरबाराला तर हे भांडण हवंच होतं, त्याने आगीत तेल ओतलं.

६. म्हणजे पंथावरचे सगळे आरोप खोटे होते? ते चांगले आणि सहा पंथ वाईट, असंच ना?

असं नाही, आणि हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो म्हणून जरा विस्ताराने.

काही आरोप शुद्ध बनाव आहेत. उदाहरणार्थ, चढाईनंतर सहा पंथांचे लोक वाटेत गायब होतात आणि आळ मिंग पंथावर येतो. प्रत्यक्षात त्यांना मंगोल राजकन्या जाओ मिनने पकडून राजधानीतल्या वानआन मंदिरात डांबलेलं असतं, आणि सोडवायला जातो तो मिंग पंथच.

काही आरोप अर्धे खरे आहेत. वटवाघूळराज माणसांचं रक्त पितो हे खरं. एक विद्या शिकताना त्याच्या शरीरात थंडीचं विष भिनलं आहे आणि गरम रक्त प्यायलं नाही तर तो गोठून मरेल, हेही खरं. कारण कळल्यावर आपल्याला त्याची दया येते. ज्यांचं रक्त गेलं त्यांच्या घरच्यांना ती यावी अशी अपेक्षा करणं जरा जास्तच आहे.

आणि काही आरोप शंभर टक्के खरे आहेत. श्ये श्युनने निरपराध माणसं मारली आणि छेंग कुनला बिळातून बाहेर काढण्यासाठी प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव लिहून ठेवलं. शाओलिनचा खोंगज्येन हा अत्यंत सज्जन भिक्षूही त्याच्या हातून गेला. डावा प्रकाशदूत यांग श्याओ तर धुतल्या तांदळासारखा मुळीच नाही. एमेईची शिष्या जी श्याओफू हिला त्याने पळवून नेलं आणि तिच्यावर जबरदस्ती केली. पुढे तिने मुलीचं नाव 'बूहुई' ठेवलं, म्हणजे 'पश्चात्ताप नाही', आणि लेखक त्या नावाच्या आडून प्रकरण प्रेमकथेसारखं मिटवून टाकतो. मला हा या कादंबरीतला सर्वांत कच्चा दुवा वाटतो. आजचा वाचक त्यावर अडतो, आणि त्याने अडावंच.

मात्र दुसऱ्या पारड्यातही बघा. त्याच जी श्याओफूला ठार करते तिची स्वतःची गुरू, एमेईची मठाधिपती म्येज्वे, कारण ती यांग श्याओचा खून करायला तयार होत नाही. हीच म्येज्वे चढाईत पंथाच्या धातुध्वजाचे शरण न येणारे कैदी धरून त्यांचे हात तोडायचा हुकूम देते. कादंबरीचा नायक जांग वूजी याच्या आई-वडिलांना त्यांच्या गुरूच्या शंभराव्या वाढदिवशी, भरल्या घरात, आत्महत्येपर्यंत नेणारे लोकही 'सन्मार्गी'च होते.

कादंबरीत याचा निवाडा वूदांगचा वृद्ध गुरू जांग सानफेंग फार आधीच देऊन टाकतो. तो म्हणतो, सन्मार्गी पंथातल्या शिष्याचं मन वाकडं असेल तर तो दुष्टच, आणि दुष्ट म्हणवल्या जाणाऱ्या पंथातला माणूस चांगुलपणाने वागत असेल तर तो सज्जनच. म्हणजे हिशोब माणसागणिक मांडायचा. पंथाच्या पाटीवरून दिलेलं निर्दोषत्वही त्याला मान्य नाही, हे मिंग पंथाचे भक्त झालेले वाचक सोयीने विसरतात.

७. एवढा बलाढ्य पंथ आतून इतका पोखरलेला कसा?

प्रमुख नाहीसा झाला आणि तो कुठे गेला हे शोधता येईना, म्हणून. प्रकाश शिखराखाली एक गुप्त भुयार आहे. पंथाचा कडक नियम असा की त्यात फक्त प्रमुखाने पाय ठेवायचा. यांग डिंगतियान त्याच भुयारात बसून छ्येनखुन दा न्वोयी ही विद्या साधत असताना बायकोचं आणि छेंग कुनचं प्रकरण त्याच्या लक्षात आलं, मन विचलित झालं आणि तो जागीच गेला. बायकोनेही तिथेच जीव दिला. वर डोंगरावर पंथाचे दिग्गज वर्षानुवर्षं 'प्रमुख गेले कुठे' म्हणून भांडत राहिले, आणि उत्तर त्यांच्या पायांखाली होतं. नियम मोडून प्रमुखाला तिथे शोधायची हिंमत एकालाही झाली नाही. तो बिनदिक्कत मोडला छेंग कुनने.

प्रमुख नाही म्हटल्यावर फाटाफूट झाली. गरुडराज वेगळा होऊन स्वतःचा गरुड पंथ काढून बसला. नागराज दाइछीसने पंथ सोडला (प्रश्न १३). फान याओने स्वतःचा चेहरा विद्रूप करून मुक्या भिक्षूच्या वेशात मंगोल सरदाराच्या वाड्यात नोकरी धरली, सुगावा लावायला. जे शिखरावर उरले, ते पुढचा प्रमुख कोण यावर हातघाईला आले असतानाच छेंग कुन भुयारातून आत शिरला आणि त्याने सगळ्यांना एकदम आडवं केलं. बाहेरच्यांपासून राखलेल्या गुपिताने या पंथाचा घात केला असं सहसा म्हटलं जातं. मला वाटतं, आपसात पाळलेल्या गुपितांनी तो जास्त केला.

८. जांग वूजी तर बाहेरचा पोरगा. तोच चौतिसावा प्रमुख कसा झाला?

पूर्ण बाहेरचा नाही. वडील जांग त्स्वेइशान वूदांगचे, आई यिन सूसू गरुडराजाची मुलगी, आणि श्ये श्युन त्याचा मानलेला बाप. म्हणजे दोन्ही बाजूंना त्याचं रक्त आणि दोन्ही बाजूंचे घाव त्याच्याकडे. भुयारात अडकल्यावर त्याला यांग डिंगतियानचा सांगाडा, त्याचं पत्र आणि ती विद्या सापडते. वर येऊन तो एकटा सहा पंथांशी लढतो, पण कोणाला ठार करत नाही. पंथाच्या सगळ्या गटांना मान्य होईल असा दुसरा कोणी उरलाच नव्हता, हेही तितकंच खरं कारण. पत्रात हंगामी प्रमुख म्हणून नाव होतं श्ये श्युनचं, त्यामुळे 'सिंहराज परत येईपर्यंत' या बोलीवर वूजी पद घेतो.

९. पराभव दिसू लागल्यावर ते सगळे मिळून काय म्हणतात?

ती पंथाची प्रार्थना. तिचा आशय असा: माझा हा मोडका देह पवित्र ज्वाळांत जळू दे, जगण्यात कसला आनंद आणि मरणात कसलं दुःख, चांगलं करायचं आणि वाईट हटवायचं ते केवळ प्रकाशासाठी, सुखदुःखं सगळी मातीला मिळणार, आणि शेवटी, या जगातल्या माणसांची कीव येते, त्यांच्यामागे किती चिंता आहेत. ही प्रार्थना जिन योंगची रचना आहे, प्राचीन मंत्र नव्हे. मरायला बसलेली माणसं शेवटी स्वतःबद्दल न बोलता जगाची कीव करतात हे ऐकून सहा पंथांमधलेही काही जण चपापतात. हा प्रसंग ज्या मालिकेत घाईने उरकलाय, ती मालिका माझ्या मनातून उतरते.

१०. असा धर्म खरोखर होता का?

होता, आणि एके काळी रोमन आफ्रिकेपासून चीनपर्यंत पसरलेला होता. संस्थापक मानी, जन्म इसवी सन २१६, बाबिलोनिया, म्हणजे आजचा इराक. त्याने जरथुश्त्र, बुद्ध आणि येशू यांना आपले पूर्वसूरी मानलं आणि तो स्वतः भारताच्या दिशेने प्रवासही करून आला. ससानी राजा शापूर पहिला याने त्याला अभय दिलं. पुढे बहराम पहिला याच्या काळात तो कैदेत मेला.

चीनमध्ये हा धर्म ६९४ साली सम्राज्ञी वू हिच्या दरबारात पोचल्याची नोंद आहे. ७३२ मध्ये चिनी प्रजेला त्याची बंदी झाली, परदेशीयांना मुभा राहिली. मग उइगुर खानाने तो स्वीकारला आणि त्याच्या दबावामुळे तांग राजांना मंदिरं बांधू द्यावी लागली. ८४० मध्ये उइगुर सत्ता कोसळली, ८४३ मध्ये चीनमध्ये धरपकड सुरू झाली. उरलेले लोक आग्नेय किनाऱ्यावर, फुजियान आणि झेजियांगकडे सरकले आणि तिथे त्यांना 'मिंग-ज्याओ', म्हणजे प्रकाशाचा धर्म, हे नाव रूढ झालं. थोडक्यात, युआन काळातले खरे मिंगपंथी समुद्रकाठी सापडले असते, कुनलुनच्या बर्फात नव्हे.

११. अग्नी, पर्शिया, प्रकाश-अंधार... म्हणजे हे आपले पारशीच का?

नाही. मुंबईत अग्यारीवरून रोज येणंजाणं असलेल्यांना ही शंका येतेच, आणि कादंबरीच तिला खतपाणी घालते. अग्नीची उपासना हा जरथुश्त्री धर्माचा भाग. मानीच्या धर्मात अग्नीला तसं मध्यवर्ती स्थान नव्हतं. जिन योंगने दोन्हींची सरमिसळ केली आहे.

इतिहासात तर दोघांमधून विस्तव जात नव्हता. मानीला कैदेत टाकलं गेलं तेव्हा दरबारात जरथुश्त्री धर्मगुरू कार्तीर याचं वजन मोठं होतं. विचारातही मूलभूत फरक आहे. जरथुश्त्री माणसासाठी हे जग अहुर मज्दाची चांगली निर्मिती आहे. लग्न करणं, मुलं वाढवणं, शेती करणं ही पुण्याची कामं. मानीसाठी देह आणि जडसृष्टी म्हणजे प्रकाशाला कोंडून ठेवणारा तुरुंग. त्याच्या संन्याशांना लग्न, मांस, मद्य सगळंच वर्ज्य. पारशी लग्नातलं भोणू एकदा जेवलेल्या माणसाला हा फरक वेगळा समजवावा लागणार नाही.

तांग काळातल्या चीनमध्ये जरथुश्त्री, मानीपंथी आणि पूर्वेकडचे ख्रिस्ती असे तीन वेगळे परके धर्म होते. ८४० च्या दशकातल्या धरपकडीत तिघेही भरडले गेले.

१२. पंथात शाकाहार सक्तीचा आहे ना? मग जांग वूजी मांस कसं खातो?

मूळ धर्मात पूर्ण बंधनं फक्त 'निवडकां'वर, म्हणजे संन्याशांवर होती. गृहस्थ 'श्रोत्यां'ना सवलत असे. फळाभाज्यांत, विशेषतः खरबुजा-काकडीत, प्रकाशाचे कण असतात आणि निवडकांनी त्या खाल्ल्या की ते मुक्त होतात अशी श्रद्धा होती. सोंग काळातल्या चीनमध्ये मात्र शाकाहार हीच पंथाची जाहीर खूण बनली (प्रश्न ३).

कादंबरीत हा नियम जांग वूजी स्वतः उठवतो. फुलपाखरू दरीतल्या मेळाव्यात तो सांगतो की देशभर दुष्काळ आहे, आपले लोक ठिकठिकाणी लढताहेत, जे मिळेल ते खावं लागणार. तत्त्वचर्चा नाही, पोटाचा प्रश्न म्हणून. धर्माची संघटना होताना काय काय गळून पडतं, याचा हा छोटा नमुना.

१३. पर्शियातल्या 'मुख्य पीठा'चे लोक अचानक येऊन सगळ्यांना धमकावतात. त्यात काही तथ्य आहे?

जवळजवळ काहीच नाही. चौदाव्या शतकात पर्शियात मानीचा धर्म नामशेष होऊन बराच काळ लोटला होता. बारा रत्नवृक्ष राजे, तीन दूत, कुमारिकांमधून निवडली जाणारी प्रमुख, हे सगळं कादंबरीचं. दाइछीस ही अशीच तिकडून पाठवलेली कुमारिका. तिने लग्न केलं म्हणून तिच्यासाठी जाळून मारण्याची शिक्षा ठरलेली आहे. तिची मुलगी श्याओजाओ आईला आणि सगळ्यांना वाचवण्यासाठी पर्शियाचं प्रमुखपद पत्करते. जिन योंगने इथे उमर खय्यामच्या ओळी आणि आलामूत किल्ल्याच्या हसन सब्बाहचं नावही ओवलंय. हसन हा इस्माइली, मानीपंथाशी त्याचा काही संबंध नाही. इतिहास म्हणून घेतलं तर खिचडी, पण श्याओजाओच्या निरोपाचा प्रसंग लेखकाच्या उत्तम पानांपैकी एक आहे.

१४. मिंग घराण्याचं नाव या पंथावरून पडलं, हे खरं का?

इतिहासकार वू हान यांनी १९४० च्या दशकात तसं मांडलं आणि कादंबरी तोच धागा धरून चालते. पुढच्या अभ्यासकांनी मात्र त्यावर गंभीर आक्षेप घेतले. १३५१ च्या 'लाल फेटेवाल्यां'च्या उठावामागे मुख्यतः श्वेतकमळ पंथ आणि मैत्रेय बुद्धाची वाट पाहणारे लोक होते. त्यांच्या नेत्याचा मुलगा हान लिनअर 'छोटा मिंग राजा' म्हणून गादीवर बसवला गेला, पण 'प्रकाशराजा' ही कल्पना बौद्ध ग्रंथांतूनही येऊ शकते. जू युआनजांग त्याच उठावातून वर आला आणि १३६८ मध्ये त्याने मिंग घराणं स्थापन केलं. नावाचं मूळ मानीपर्यंत नेणं मोहक आहे, सिद्ध झालेलं नाही.

सिद्ध झालेली गोष्ट जास्त बोचरी आहे. मिंग घराण्याच्या कायद्यात ज्या पाखंडी पंथांवर नाव घेऊन बंदी आहे, त्यांत श्वेतकमळासोबत 'मिंगझुन' म्हणजे प्रकाशदेवाचा पंथही आहे.

१५. पंथातली कुठली माणसं खरोखर होऊन गेली?

जू युआनजांग आणि त्याचे सेनापती शू दा आणि छांग यूछुन हे अर्थातच ऐतिहासिक. 'पाच भटक्यां'पैकी फेंग यिंगयू हा खरा भिक्षू. त्याच्या प्रेरणेने १३३८ मध्ये झोऊ झिवांगने ज्यांगशीत उठाव केला होता. वेडगळ झोऊ दियान याचं चरित्र तर सम्राट झाल्यावर जू युआनजांगने स्वतः लिहिलं. लोखंडी टोपीचा जांग जोंग आणि लेंग छ्येन यांचीही नावं जुन्या ग्रंथांतून उचलली आहेत. जांग वूजी, श्ये श्युन, जाओ मिन काल्पनिक. सोंग काळातल्या ११२० च्या उठावाचा नेता फांग ला याला कादंबरी पंथाचा जुना प्रमुख ठरवते. तो खरोखर मानीपंथी होता का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सम्राटाच्या बागेसाठी दुर्मिळ दगड आणि झाडं गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांचा जाच हे त्या उठावाचं कारण, याबद्दल मात्र दुमत नाही.

१६. जिन योंगच्याच 'स्माइलिंग, प्राउड वाँडरर'मधला सूर्य-चंद्र पंथ म्हणजे पुढच्या काळातला मिंग पंथच का?

चिनी लिपीत सूर्य आणि चंद्र शेजारी ठेवले की 'मिंग' होतो, म्हणून हा तर्क लोकप्रिय आहे. लेखकाने असं नातं कुठे जोडलेलं नाही. वर्तमानपत्रात १९६७ पासून ती कादंबरी छापली जात असताना त्या पंथाचं नावही वेगळं, 'उगवत्या सूर्याचा पंथ' अशा अर्थाचं होतं. स्वभावानेही दोघं वेगळे. सूर्य-चंद्र पंथात ना देव ना तत्त्व. प्रमुखाच्या नावाच्या घोषणा आणि बंडाचा विचार करणाऱ्याला आतून खाणाऱ्या गोळ्या. मिंग पंथ बदनाम आहे, सूर्य-चंद्र पंथ त्याच्या लौकिकाला बऱ्यापैकी जागतो.

१७. या धर्माचं आज काही शिल्लक आहे का?

फुजियानमध्ये छुआनजौजवळ जिनज्यांग इथे त्साओआन नावाचं लहानसं देऊळ आहे. आत खडकात कोरलेली मानीची साधारण दीड मीटर उंचीची बैठी मूर्ती आहे. लांब दाढी, खांद्यावर रुळणाऱ्या बटा, मागे किरणांचं वर्तुळ. ती १३३९ सालची, म्हणजे कादंबरीतल्याच युआन काळातली. गावकरी तिला 'प्रकाश बुद्ध' म्हणून पुजतात. १९७९ मध्ये तिथे 'मिंग पंथ सभा' अशी अक्षरं असलेला वाडगा सापडला. २०२१ पासून हे देऊळ छुआनजौच्या इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. २००८ नंतर त्याच प्रांतातल्या श्यापू भागात विधींच्या पोथ्याही उजेडात आल्या. हा पंथ टिकला तो बुद्धाच्या वेशात. फान याओला हे पटलं असतं.

१८. जांग वूजी प्रमुखपद सोडतो ते फसवणुकीमुळे की स्वतःहून? दोन मित्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

दोघांनी वेगळ्या आवृत्त्या वाचल्या असतील. कादंबरीची तीन रूपं आहेत: वर्तमानपत्रातलं, १९७० च्या दशकातलं सुधारित आणि २००० नंतरचं पुन्हा सुधारलेलं. बहुतेक मालिका मधल्या रूपावर आहेत. त्यात जू युआनजांग असा डाव टाकतो की शू दा आणि छांग यूछुनसुद्धा आपल्या जिवावर उठलेत अशी वूजीची समजूत होते. तो यांग श्याओकडे कारभार सोपवून जाओ मिनबरोबर निघून जातो.

शेवटच्या रूपात लेखकाने पंथाच्या पवित्र अग्नी-आज्ञांमध्ये एक महत्त्वाची भर घातली: पंथीयाने अधिकारी किंवा राजा व्हायचं नाही. आता बघा काय होतं ते. राज्य उलथवायला निघालेल्या पंथाचा पहिला नियमच राज्य घेऊ नका सांगतो, आणि त्याच पंथातून एक सम्राट निघतो. वूजीचा भाबडेपणा कमी झाला नाही, पण जू युआनजांगचा अपराध दुप्पट झाला. मला ही दुरुस्ती आवडते, जुन्या चाहत्यांना आवडत नाही.

१९. एमेईची शिष्या झोऊ जरुओ ही पंथाच्या बंडखोराची मुलगी असल्याचं कुठेतरी वाचलं. मालिकेत तर ती नावाड्याची मुलगी आहे?

दोन्ही बरोबर, कारण पुन्हा तेच (प्रश्न १८). वर्तमानपत्रातल्या मूळ रूपात ती झोऊ झिवांगची मुलगी होती. सुधारित आवृत्तीत ती हान नदीवरच्या नावाड्याची मुलगी झाली, आणि छांग यूछुन ज्याला वाचवायला धडपडतो तो मुलगा झोऊ झिवांगचा. तेव्हा पंथाच्या शत्रूकडे, एमेईत, वाढलेली पंथाचीच लेक हा धागा शोधत बसू नका. आज मिळणाऱ्या प्रतींमध्ये तो नाही.